एआयने दिलेला संदर्भ सापडत नसेल तर काय करायचं?

नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगते. सातारा जिल्ह्यातल्या तुमच्या गावच्या वाचनालयाचं हे शतकमहोत्सवी वर्ष आहे. स्मरणिकेतला 'वाचनालयाचा इतिहास' हा लेख तुमच्या वाट्याला आलाय. तुम्ही चॅटजीपीटीला विचारलंत आणि त्याने दोन पानांचा सुरेख मजकूर दिला. स्थापना १९२६, उद्घाटन साहित्यिक आणि 'केसरी'चे संपादक न. चिं. केळकर यांच्या हस्ते, सुरुवातीला दोनशे पुस्तकं, आणि खाली पाच संदर्भ. त्यातले तीन तुम्हाला कुठेच सापडेनात. मग तोच मजकूर दुसऱ्या एका एआयला दाखवलात, तर त्याने 'माहिती विश्वासार्ह वाटते' असं सांगितलं. आता तुम्ही विचारताय की कुठल्या एआयवर विश्वास ठेवायचा, आणि अशा कामाला हे वापरावं तरी का.

मी सव्वीस वर्षं संपादनाचं आणि संदर्भ तपासण्याचं काम करते आहे. कोशातल्या नोंदी, गौरवग्रंथ, गावांचे-घराण्यांचे इतिहास असा सगळा मजकूर हाताखालून जातो. तुमच्यासारखा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मते 'कुठला एआय खरा' हा इथला मूळ प्रश्न नाही. मूळ प्रश्न असा, की 'उद्घाटन केळकरांच्या हस्ते झालं' या वाक्याच्या पाठीशी कोण उभं आहे? तिथे हजर असलेल्या कुणी ते लिहून ठेवलं का? कधी लिहिलं? तो कागद आज कुठे आहे? याची उत्तरं मिळाली की वाक्य एआयने दिलं, आजोबांनी सांगितलं की तुम्हाला चहाच्या टपरीवर कळलं, याने फरक पडत नाही. ती मिळाली नाहीत तर वाक्य कितीही डौलदार असो, ते अजून माहिती झालेलं नाही.

चॅटबॉटच्या बाबतीत हा प्रश्न जास्त जपून विचारावा लागतो, कारण त्याची घडणच वेगळी आहे. आपण समजतो की तो कुठल्यातरी कपाटातून फाइल काढून वाचून दाखवतोय. तसं नसतं. प्रचंड मजकूर वाचून, कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, हे तो शिकलेला असतो आणि त्या अंदाजाने पुढचा पुढचा शब्द जुळवत जातो. ज्या विषयावर खूप लिहिलं गेलंय तिथे हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. तुमच्या गावच्या वाचनालयावर इंटरनेटवर दोन ओळीही नसतील, तर तो गप्प बसेलच असं नाही. १९२०-३० च्या दशकातल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचनालयाचा इतिहास साधारण कसा असतो, तसा तो लिहून देतो. पुण्याहून पाहुणा आला असणार, तो केसरीशी संबंधित असणार, एखाद्या सावकाराने किंवा वकिलाने देणगी दिली असणार. संदर्भही तसेच तयार होतात. लेखकाचं आडनाव शोभेसं, प्रकाशन पुण्याचं, साल बेताचं. म्हणून ते खोटे वाटत नाहीत.

आता तुमच्या पाच संदर्भांकडे वळते. तुम्ही ते जसेच्या तसे लिहून दिलेत, हे फार बरं केलंत. तीन सापडत नाहीत म्हणून तुम्ही अस्वस्थ आहात. मला जास्त काळजी वाटते ती सापडलेल्या दोघांची. त्यातला एक आहे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचा, सातारा खंड. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मालेतला हा एकोणिसावा खंड, अगदी खरा, महत्त्वाचा ग्रंथ. पण त्याचं प्रकाशनवर्ष आहे १८८५. १८८५ च्या पुस्तकात १९२६ साली निघालेलं वाचनालय कसं असेल? दुसरा आहे मराठी विश्वकोशातली 'ग्रंथालय' ही नोंद. नोंद आहे, पण ती ग्रंथालय या संस्थेबद्दल आहे. तुम्हीच लिहिलंय की तुम्ही ती उघडून 'मिळाली' म्हणून खूण केलीत. आता ती पूर्ण वाचा आणि तुमच्या गावाचं नाव त्यात दिसतं का ते पाहा.

इथेच बहुतेक जण चुकतात. संदर्भ 'आहे का' एवढंच बघून आपण थांबतो. बघायच्या गोष्टी तीन असतात. पुस्तक आहे का, ते पान त्यात आहे का, आणि त्या पानावर हेच म्हटलंय का. माझ्याकडे एका लेखकाचं हस्तलिखित आलं होतं, बेचाळीस तळटिपा असलेलं. एका तळटिपेत पुस्तक खरं, लेखक खरा, प्रकाशकही खरा. पानक्रमांक २१४. मी कपाटातून पुस्तक काढलं तर ते १८६ पानांत संपलेलं. लेखक प्रामाणिक माणूस होता. त्यांनी पुस्तक एकेकाळी वाचलेलं होतं, म्हणून एआयने दिलेल्या तळटिपेवर त्यांचा चटकन विश्वास बसला. ओळखीचं नाव दिसलं की आपण सैल पडतो. इंटरनेटवर शोधून उत्तर देणाऱ्या, खाली दुवे देणाऱ्या एआयचंही तेच. दुवा उघडतो, पान खरं असतं, पण सांगितलेलं वाक्य त्या पानावर नसतं किंवा तिथे नेमकं उलट म्हटलेलं असतं. दुवा उघडून पानातल्या पानात तो शब्द शोधायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट द्याच.

न सापडलेल्या तीन पुस्तकांसाठी वर्ल्डकॅट (जगभरातल्या ग्रंथालयांची एकत्रित सूची), गूगल बुक्स आणि आर्काइव्ह डॉट ऑर्ग इथे मराठीत आणि इंग्रजी लिपीतही शोधा. पुस्तक १९३७ च्या आधीचं असल्याचा दावा असेल, तर शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' पाहा. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची ती सूची आहे, मोठ्या ग्रंथालयांत मिळते. या सगळ्या ठिकाणी नाही, लेखकाच्या नावावर दुसरंही काही नाही, प्रकाशकाच्या यादीतही नाही, असं झालं की मी तो संदर्भ सरळ खोडते. 'कदाचित दुर्मीळ असेल' म्हणून ठेवत नाही.

दुसऱ्या एआयला विचारण्याबद्दल. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निवाडे न्यायालयात सादर केले. त्यातले अनेक निवाडे अस्तित्वातच नव्हते. त्या वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं की हा खटला खरा आहे का, आणि त्याने हो म्हटलं होतं. न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी पाच हजार डॉलरचा दंड केला. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून घेतलेले निवाडे मिळतच नव्हते. तपासणाऱ्याने ज्याला तपासायचं त्यालाच साक्षीला बोलावलं की असं होतं. दुसरा एआय वेगळ्या कंपनीचा असला तरी जवळपास तोच मजकूर वाचून तयार झालेला असतो आणि त्याच्याकडेही तुमच्या वाचनालयाचं इतिवृत्त नसतं. त्याचं 'विश्वासार्ह वाटते' म्हणजे 'असा मजकूर असा दिसतो' एवढंच.

साक्षीदार स्वतंत्र असणं म्हणजे काय, हे समजायला मला शिवजन्मतारखेचा वाद नेहमी उपयोगी पडतो. एकेकाळी शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, हे साल सर्रास मानलं जाई. मग भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली, म्हणजे सालवार घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि ती भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१६ साली छापली. तिच्यात जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा दिलाय. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त तीच तिथी. राजस्थानात जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीतही तीच. एक मावळातल्या देशमुखांच्या घरातली नोंद, एक संस्कृत काव्य, एक राजस्थानातल्या ज्योतिषाचा कागद. या तिघांनी एकमेकांची नक्कल केली असण्याची शक्यता फार कमी. म्हणून त्यांच्या एकमताला वजन आहे. पुढे महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख स्वीकारली.

याच्या शेजारी एक दुसरी गोष्ट ठेवा. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने विकिपीडियावर कोआटी नावाच्या प्राण्याच्या पानात गंमत म्हणून 'याला ब्राझिलियन आर्डव्हार्क असंही म्हणतात' अशी भर घातली. ती कुणी काढली नाही. पुढे ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ते नाव वापरलं, एका विद्यापीठ प्रकाशनाच्या पुस्तकातही ते आलं, आणि मग विकिपीडियावरच्या त्या वाक्याला आधार म्हणून त्यांतलाच एक लेख जोडला गेला. वरून पाहणाऱ्याला अनेक ठिकाणं दिसतात, खाली उगम मात्र एकच. म्हणून 'दहा संकेतस्थळांवर हेच आहे' हे मला कुणी सांगितलं की मी विचारते, त्यातलं सगळ्यात जुनं कुठलं? तारखा लावून मागे मागे गेलं की बहुतेक वेळा दहाचा एक होतो. एआयमुळे ही नक्कल फार वेगाने व्हायला लागलीय. तुमची स्मरणिका पीडीएफ करून वाचनालयाच्या पानावर चढवलीत की वर्षभरात एखादा एआय तिचाच हवाला देईल. गावातला पुढचा अभ्यासक तुमच्या लेखावर भरवसा ठेवणार आहे, हे लिहिताना मनात असू द्या.

तारखांचा विषय निघालाच आहे तर इथे थोडी जास्त थांबते, कारण तुमच्या कामात ही अडचण येणारच. जुन्या वह्यांत शके आणि तिथी असते. एआयला किंवा ऑनलाइन यंत्राला शक दिला की तो बहुधा ७८ मिळवून मोकळा होतो. शके १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९. चूक! शक चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होतो, इंग्रजी वर्ष जानेवारीत. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. इंग्रजी वर्ष कधी मार्गशीर्षात तर कधी पौषात बदलतं, त्या महिन्यांसाठी पंचांगच पाहावं लागतं. तुमच्या वाचनालयाच्या वहीत 'माघ शके १८४७' असेल, तर ते साल १९२६. नुसते ७८ मिळवले तर १९२५ येईल आणि शताब्दीच एक वर्ष मागे जाईल.

याला ताळा घालायचे दोन उपाय आहेत, दोन्ही एआयशिवाय होतात. पहिला संवत्सराचा, म्हणजे साठ नावांच्या चक्रातल्या वर्षाच्या नावाचा. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३, बाकी तीन. तिसरा संवत्सर शुक्ल, आणि जेधे शकावलीत संवत्सर शुक्लच दिलाय. शके १८४७ ला बाकी ५९ येते, म्हणजे क्रोधन. शके १८४८ ला बाकी शून्य, म्हणजे साठावा, क्षय. तुमच्या वहीत शक एक आणि संवत्सर दुसराच असेल तर कुठेतरी लिहिण्यात किंवा वाचण्यात चूक आहे. दुसरा उपाय वाराचा. तारखेसोबत वार दिला असेल तर तो जुळवून पाहा. यात एक खाच आहे. मोबाइलवरच्या कॅलेंडरमध्ये १९ फेब्रुवारी १६३० पर्यंत मागे गेलात तर मंगळवार दिसेल आणि शकावली चुकली असं वाटेल. ती चुकलेली नाही. इतिहासकार त्या काळच्या तारखा जुन्या, ज्युलियन कालगणनेने देतात. मोबाइल आजची ग्रेगोरियन पद्धत मागे ताणतो. ज्युलियन १९ फेब्रुवारी म्हणजे ग्रेगोरियन १ मार्च १६३०, आणि त्या दिवशी शुक्रवारच येतो. तुमच्या १९२६ ला ही अडचण नाही, इंग्रजांनी १७५२ सालीच नवी पद्धत घेतली होती. पण गावच्या देवळाच्या किंवा वतनाच्या कागदाबद्दल लिहिणार असाल तर हे लागेल.

आता केळकरांचं उद्घाटन. समजा एआयने लोकमान्यांचं नाव दिलं असतं, तर तुम्ही स्वतःच पकडलं असतं, कारण टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले. केळकर मात्र १९४७ पर्यंत होते, केसरीशी निगडित होते, व्याख्यानांना आणि संस्थांच्या समारंभांना जात. म्हणजे हे घडलेलं असू शकतं. असू शकणारी खोटी माहिती अशक्य माहितीपेक्षा जास्त नुकसान करते, कारण तिच्याजवळ कुणी थांबत नाही. ही मी कशी तपासेन ते सांगते.

सर्वांत आधी वाचनालयाचं स्वतःचं दप्तर. इतिवृत्ताची वही, जमाखर्चाची किर्द, अभिप्राय वही. मोठा पाहुणा आला तर किर्दीत खर्च पडलेला असतो. हार-तुरे, मोटारीचं किंवा टांग्याचं भाडं, चहापान. इतिवृत्त लिहिणारा कधी गौरवाने लिहितो, कधी वर्षभराने आठवून लिहितो. किर्द त्याच दिवशी लिहिली जाते, म्हणून मला ती जास्त बोलकी वाटते. त्यानंतर सरकारी नोंदी. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असेल तर तो दाखला, १९५० च्या विश्वस्त कायद्यानंतर धर्मादाय कार्यालयात झालेली नोंद, १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर जिल्हा ग्रंथालय कार्यालयात अनुदानासाठी गेलेली फाइल. या फायलींत स्थापनेचं वर्ष असतंच. फक्त लक्षात घ्या, ते वर्ष संस्थेनेच अर्जात लिहिलेलं असतं, म्हणून तो स्वतंत्र साक्षीदार नव्हे. तिसरं, त्या आठवड्याची वर्तमानपत्रं. केसरीचे त्या वर्षीचे अंक आणि साताऱ्याहून निघणारी साप्ताहिकं जुन्या ग्रंथालयांत बांधीव स्वरूपात मिळतात. चौथं, केळकरांच्या बाजूने. त्या काळात ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद होते. एआयने दिलेल्या तारखेला अधिवेशन चालू होतं का, हेही पाहता येतं. गावाकडून काही मिळालं नाही तर पाहुण्याच्या बाजूने जायचं, हा रस्ता फार जण विसरतात.

या चारही ठिकाणी काही नाही मिळालं तर? तर ते वाक्य लेखात येणार नाही. 'असे म्हणतात' असंही नाही, कारण गावात तसं कुणी म्हणतच नाही, ते फक्त यंत्र म्हणालं. गावात खरोखर तशी आठवण असेल तर गोष्ट निराळी. मग 'ज्येष्ठ सभासदांच्या आठवणीनुसार' असं लिहा, कुणाची आठवण ते त्यांच्या परवानगीने सांगा. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना एक प्रश्न जरूर विचारा: तुम्ही हे पाहिलंत की ऐकलंत? ऐकलं असेल तर कुणाकडून? बोलण्याची तारीख वहीत टाका. आणि त्यांना एआयचा मजकूर आधी वाचून दाखवू नका. एकदा 'केळकर आले होते ना?' असं विचारलंत की चार जण मान डोलावतील आणि पुढच्या भेटीत त्यांना ते आठवायलाही लागेल.

किती तपासायचं हे मात्र परिस्थितीवर आहे, आणि इथे माझा काही एक नियम नाही. औषधाचा डोस, कायद्याचं कलम, कुणाच्या जमिनीचा हक्क, एखाद्या व्यक्तीवरचा आरोप असेल तर मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. सुरुवातीला पुस्तकं दोनशे होती की दोनशे दहा, याला एक बऱ्यापैकी नोंद पुरते. वेळही मोजलेला असतो. तुमच्याकडे दीड महिना आहे असं लिहिलंत. मग मजकुरातली सगळी तपासण्याजोगी विधानं वेगळी काढा, आणि ज्यांच्यामुळे कुणाचं श्रेय जातं किंवा येतं ती आधी घ्या. संस्थापक कोण, जागा कुणी दिली, पहिली देणगी कुणाची. गावात भांडणं यांवरूनच होतात, आणि शंभर वर्षांपूर्वी ज्याने खरंच जागा दिली त्याच्या घरच्यांना यंत्राच्या चुकीमुळे वाईट वाटू नये.

आता, वापरावं की नाही. मी वापरते, रोज वापरते. पण उत्तर देणारा म्हणून नव्हे, रस्ते सुचवणारा म्हणून. विधानं वेगळी काढण्याचं काम तो छान करतो. गावाच्या नावाची जुनी स्पेलिंगं कुठली असू शकतील, हे विचारायला तो चांगला. गॅझेटिअरमध्ये गावांची नावं त्या काळच्या लिप्यंतराने, स्वरांवर चिन्हं देऊन छापलीत आणि स्कॅन करताना ती चिन्हं भलतीच वाचली गेलीत. त्यामुळे आजच्या स्पेलिंगने शोधलं तर गाव मिळतच नाही. पाच-सहा पर्याय घेऊन शोधलं की मिळतं. १९२६ सालच्या वाचनालयाची माहिती कुठकुठल्या कार्यालयांत असू शकेल, हा प्रश्न विचारा. त्याची यादी पूर्ण नसेल, पण एखादं ठिकाण तुम्हाला न सुचलेलं असेल. लांबलचक इंग्रजी प्रकरण वाचायच्या आधी त्यात काय आहे हे समजून घ्यायलाही चालेल, मात्र नंतर ते प्रकरण स्वतः वाचायचं.

जिथे तो काम बिनबोभाट बिघडवतो ते आहे जुना कागद वाचणं. गेल्या वर्षी मी १९३० च्या दशकातल्या एका छापील अहवालाच्या पानाचा फोटो देऊन मजकूर टाइप करून मागितला. पानाचा खालचा उजवा कोपरा वाळवीने खाल्लेला, शेवटच्या तीन ओळी अर्ध्याच. परत आलेल्या मजकुरात त्या तीनही ओळी पूर्ण होत्या. व्याकरण शुद्ध, अर्थ सुसंगत, अगदी त्या काळच्या भाषेत. मला ते लक्षात आलं ते फक्त मूळ पान समोर होतं म्हणून. शिवाय 'वर्गणीदार ९१' चे त्याने '११' केले होते, कारण छपाईचे खिळे (टाइप) झिजलेले असले की एक आणि नऊ सारखेच दिसतात. तेव्हापासून मी यंत्राकडून आलेला मजकूर कागदावर काढते, मूळ पान डावीकडे ठेवते आणि ओळीखाली पट्टी धरून आकड्यांना वेगळी फेरी मारते. फाटलेल्या जागी चौकोनी कंसात 'फाटले आहे' असं लिहिते. तुमच्या वह्यांत मोडी लिपी निघाली तर ती यंत्राकडे देऊच नका. मोडी वाचणारा माणूस शोधा. साताऱ्यात, पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, तिथे विचारा.

फोटोंबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंत. संस्थापकांचा पुसट फोटो एआयने 'स्वच्छ' करून छापावा का? छापू नका. अशा वेळी यंत्र चेहरा उजळवत नाही, नवा चेहरा रंगवतं. मिश्यांची ठेवण बदलते, पगडीची घडण बदलते, नातवंडांना आजोबा ओळखू येत नाहीत. मूळ फोटो जास्त रिझोल्यूशनने स्कॅन करा, पुसट असला तरी तोच छापा, आणि मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा. छायाचित्रकाराच्या दुकानाचा शिक्का असेल तर काळ ठरवायला तो उपयोगी पडतो.

एका गोष्टीने तुम्हाला जरा धीर येईल. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २०१७ च्या सुमारास इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना तीच संकेतस्थळं तपासायला दिली होती. तथ्यतपासनीस सरस ठरले, आणि त्याचं कारण विद्वत्ता नव्हतं. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर खाली खाली वाचत राहिले, मांडणी, भाषा, लोगो पाहत राहिले. तपासनिसांनी ते पान लगेच सोडलं आणि दुसऱ्या खिडक्या उघडून, या पानाबद्दल इतर कोण काय म्हणतंय ते शोधलं. तुम्हीही एआयचा तो सुरेख मजकूर पुन्हा पुन्हा वाचून त्यात खोट शोधत बसू नका. मिटून ठेवा आणि वाचनालयाचं कपाट उघडा.

इतिवृत्ताची पहिली वही मिळाली तर हाताळण्याआधी तिच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढा, मग मधल्या पानांचे, क्रमाने, कव्हरसकट. पहिल्या सभेच्या नोंदीत शक, संवत्सर, महिना, तिथी आणि वार यांतलं जे जे असेल ते इथे लिहा. साल आपण मिळून ठरवू. वही नसेलच तर किर्द शोधा, आणि तीही नसेल तर सर्वांत जुन्या पुस्तकांवरचे दाखल क्रमांकाचे, म्हणजे पुस्तक वाचनालयात आलं तेव्हा दिलेल्या क्रमांकाचे, शिक्के पाहा. दाखल क्रमांक एकपासून पन्नासपर्यंतची जेवढी पुस्तकं अजून कपाटात असतील तेवढी बाहेर काढा. त्यांच्यावर देणगीदाराचं नाव आणि तारीख शाईने लिहिलेली असण्याची बरीच शक्यता आहे.